युरोपच्या सांस्कृतिक धोरणात हवामानबदल आणि समावेशकता हे विषय सतत जोडीनं का येतात?

तुमचा प्रश्न असा, की युरोपात नाटक, संगीत, संग्रहालयांना सरकारी पैसा देताना हल्ली 'पर्यावरणासाठी काय करणार' आणि 'कोणाकोणाला सामावून घेणार' हे दोन्ही हमखास विचारतात. ही नुसती फॅशन आहे की खरं दुखणं? मी जर्मनीत एका लहान नाट्यसंस्थेचे अनुदानाचे अर्ज भरते, त्यामुळे हे दोन रकाने रोजच्या ओळखीचे. दुखणं खरं आहे. पण अर्जात शेजारी-शेजारी गुण्यागोविंदानं नांदणारे हे रकाने बाहेर एकमेकांशी भांडतात, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

आधी व्यवस्थेबद्दल थोडं. संस्कृती हा विषय मुळात सदस्य देशांचा. युरोपीय संघाच्या मूळ कराराच्या कलम १६७ नुसार संघ फक्त हातभार लावू शकतो, सगळ्यांना एकसारखे कायदे करायला लावू शकत नाही. म्हणजे ब्रुसेल्सच्या, म्हणजे संघाच्या मुख्यालयाच्या, हाती उरतो पैसा आणि त्याला जोडलेल्या अटी. 'क्रिएटिव्ह युरोप' या संघाच्या सांस्कृतिक अनुदान योजनेत २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी साधारण २४४ कोटी युरो आहेत. इतक्या देशांत वाटायचे म्हटल्यावर ही रक्कम काही मोठी नाही, त्यामुळे भर अटींवरच.

आता प्रवासाचं बघा. कलाकारांच्या प्रवासासाठी 'कल्चर मूव्ह्ज युरोप' म्हणून योजना आहे. विमान टाळलंत तर जादा पैसे, अपंगत्व असेल तर वेगळी मदत. ऐकायला दोन्ही उत्तम. पण बर्लिनहून प्रागला रेल्वेनं जाणारा आणि लिस्बनहून निघणारा यांची बरोबरी कशी होणार? लिस्बन-माद्रिद रात्रगाडी २०२० मध्ये बंद पडली. सायप्रस, माल्टामध्ये तर रेल्वेच नाही. जॉर्जिया, आर्मेनिया, ट्युनिशियासुद्धा क्रिएटिव्ह युरोपात आहेत. तिथल्या नर्तकीनं काय करायचं? आमची एक अभिनेत्री व्हीलचेअर वापरते. तिला डब्यात चढवायला फलाटावर उचलयंत्र लागतं, ते आधी नोंदवावं लागतं, आणि दोनदा गाडी बदलायची तर प्रत्येक स्टेशनावर वेगळं. पहिली गाडी उशिरा आली की पुढची सगळी नोंदणी पाण्यात. तिच्यासाठी विमानच सोयीचं, आणि तेवढ्यापुरता आमचा 'हरित' रकाना लंगडा.

संग्रहालयांचं त्या मानानं बरं चाललंय. पूर्वी उसन्या चित्रांसाठी तापमान आणि आर्द्रता जवळजवळ एका रेषेत ठेवायची सक्ती असे, त्यात वीज बेसुमार जाई. बिझो गट या बड्या संग्रहालयांच्या मंडळानं दहाएक वर्षांपूर्वी १६ ते २५ अंश आणि ४० ते ६० टक्के आर्द्रता एवढी मोकळीक मान्य केली. उष्ण-दमट देशांतल्या संग्रहालयांना जुन्या अटी परवडतच नसत, म्हणजे इथे एकाच निर्णयात दोन्ही कामं झाली. अशी उदाहरणं थोडी.

अथेन्सचं अॅक्रॉपोलिस, म्हणजे पार्थेनॉन मंदिराची प्राचीन टेकडी, हे उलट बाजूचं उदाहरण. वर गुळगुळीत झालेला संगमरवर आणि उघडा खडक. २०२० मध्ये तिथे नवी लिफ्ट आणि काँक्रीटच्या वाटा झाल्या, व्हीलचेअरला पार्थेनॉनजवळ जाता यावं म्हणून. काँक्रीटवरून बरंच रणकंदन झालं, पण वाट झाली. मग जुलै २०२३ च्या उष्णतेच्या लाटेत दुपारी बारा ते साडेपाच दारं बंद करावी लागली, उन्हात उभं राहणाऱ्या रखवालदारांनी काम थांबवलं. ऊन आधी कोणाला बाधतं? म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना, लहान मुलांना. आणि त्याच वर्षी ठरलं की, नेहमीच्या वेळेबाहेर, सकाळी किंवा संध्याकाळी, पाच जणांपर्यंतच्या गटाला ५,००० युरोत खास फेरी द्यायची. गारवा विकत मिळतो, बाकीच्यांनी टोपी घालून यावं.

पण मला सगळ्यात अस्वस्थ करणारं उदाहरण नॉर्वेचं आहे (संघात नाही, पण क्रिएटिव्ह युरोपात आहे). उत्तरेकडचे मूळनिवासी सामी लोक रेनडिअर पाळतात. हिवाळ्यात हल्ली बर्फावर पाऊस पडतो, तो गोठून वर टणक कवच होतं आणि खालचं, आपल्या दगडफुलाच्या जातीचं लायकेन जनावरांना उकरता येत नाही. हा झाला हवामानबदल. त्यावर उपाय म्हणून फोसेन भागात पवनचक्क्या आल्या, दोन प्रकल्पांत मिळून १५१, आणि त्या नेमक्या हिवाळी कुरणांवर! ऑक्टोबर २०२१ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की यानं सामींच्या सांस्कृतिक हक्काचा भंग होतो. चक्क्या फिरतच राहिल्या. २०२३ च्या फेब्रुवारीत सामी तरुणांनी ओस्लोत मंत्रालयात ठिय्या दिला. शेवटी मार्च २०२४ पर्यंत भरपाईची तडजोड झाली, पण चक्क्या जागेवरच आहेत.

याच काळात, २०२२ मध्ये, व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनातलं नॉर्डिक देशांचं दालन प्रथमच सामी कलाकारांना दिलं गेलं. त्याच वर्षी ओस्लोच्या नव्या राष्ट्रीय संग्रहालयात मारेत आने सारा यांचा रेनडिअरच्या ४०० कवट्यांचा पडदा लागला, कवट्यांना गोळ्यांची भोकं. कळप कमी करण्याच्या सरकारी सक्तीविरुद्धचा तो निषेध. निषेध सरकारी भिंतीवर मानानं टांगला गेला. सांस्कृतिक खात्याला समावेशकतेचे पैकीच्या पैकी गुण. कुरणाचा निर्णय मात्र ऊर्जा खात्याकडे, जिथे सांस्कृतिक धोरणाला कोणी विचारत नाही.

तेव्हा तुम्ही यावर प्रबंध लिहिणार असाल, तर उद्दिष्टांची पानं चाळून सोडून द्या. २०२८ पासूनच्या सात वर्षांसाठी युरोपीय आयोगानं (संघाच्या कार्यकारी मंडळानं) जुलै २०२५ मध्ये 'अगोरा ईयू' हा प्रस्ताव मांडलाय. त्यात क्रिएटिव्ह युरोप आणि समानता-हक्कांची योजना एका छत्राखाली आहे, एकूण ८६० कोटी युरो. त्यातून अनुदानाचे नियम निघाले की कोणते खर्च मान्य आहेत ते वाचा: अपंग कलाकाराच्या सोबत्याचं तिकीट, रेल्वेमुळे वाढलेल्या दिवसाचं मानधन, मधला मुक्काम.