सारखा भिंती रंगवायचे व्हिडिओ बघतो, काय करू?

हा प्रश्न हल्ली बरेच पालक विचारतात म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला आलेली एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय. मुलगा १६ वर्षांचा, आई म्हणाली मॅडम, शाळेतून आला की मोबाईल, कोण कुठले लोक स्प्रेनं भिंती रंगवतात ते बघतो, त्यांच्याशी बोलत बसतो, उद्या रात्री कुणाची भिंत रंगवताना पकडला गेला तर?

मी त्याला म्हटलं, काय बघतोस ते मलाही दाखव ना. तर त्यानं स्पीड कमी करून एक व्हिडिओ लावला आणि वहीतलं चित्र मोठ्या भिंतीवर कसं जातं ते सांगत सुटला. आधी भिंतभर वाटेल त्या खुणा, अक्षरं काढायची, त्याचा फोटो घ्यायचा, मोबाईलवर त्या फोटोवर आपलं स्केच ठेवायचं, मग चित्रातला डोळा कुठल्या खुणेजवळ येतो ते बघत काढत जायचं. डूडल ग्रिड म्हणतात याला. यूट्यूब २००५ मध्ये आलं, त्याआधी भिंत पुसली गेली की बहुतेक वेळा फोटोच उरायचा, आणि फोटोत हात कसा फिरला ते थोडंच दिसतं!

मग वही निघाली. त्यानं स्वतः काढलेल्या एका अक्षराचा व्हिडिओ टाकला होता, त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, सावली दोन्ही बाजूंना पडलीय, उजेड नक्की कुठून येतोय? त्यानंतर पानंच्या पानं तेच एक अक्षर, दरवेळी उजेड वेगळीकडून. आईनं ही वही कधी बघितलीच नव्हती.

म्हणून मी पालकांना सांगते, किती तास बघतो यापेक्षा बघून झाल्यावर हात चालतोय का ते बघा. झोप उडाली, चिडचिड वाढली, नुसतंच स्क्रोलिंग चाललंय तर मात्र वेळीच बोला. या मुलाचं खरं दुखणं लाईकचं होतं, व्ह्यूज आले नाहीत की व्हिडिओ डिलीट. त्यावर आम्ही बरंच काम केलं, अर्धवट काम छोट्या ग्रुपमध्ये टाकायचं आणि सोबत एक नेमका प्रश्न विचारायचा, म्हणजे नुसत्या अंगठ्याऐवजी उत्तर येतं.

आईची भीतीही अगदी रास्त होती. मालकाची लेखी परवानगी, रंगाच्या वाफा अडवणारा मास्क (साधा कापडी चालत नाही), व्हिडिओत घराचा पत्ता नाही, ऑनलाईन ओळखीच्या कुणाला परस्पर भेटायचं नाही, हे सगळं तिघांनी बसून ठरवलं. परवानगीचं पत्र कसं लिहायचं ते त्यानं त्याच ग्रुपमध्ये विचारलं आणि मग आईनं त्यातल्या दोन ओळी सुधारून दिल्या.