अपडेटनंतर उबंटू सुरू होत नाही, फॉरमॅट करू का?

प्रश्न : उबंटूचं अपडेट झालं आणि रीस्टार्ट केल्यावर काळ्या स्क्रीनवर ‘कर्नल पॅनिक’ आणि ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ असं येऊन सगळं थांबतं. अपडेटमुळे असं खरंच होतं का? सगळं पुसून नव्याने टाकू का?

उत्तर : कृपा करून काहीही पुसू नका! बहुधा तुमच्या फाइल्स डिस्कवर जशाच्या तशा आहेत, फक्त कर्नलला, म्हणजे उबंटूच्या गाभ्याला, ती डिस्क सापडत नाही.

हो, अपडेटमुळे असं होतं. जुलै 2020 मध्ये ‘बूटहोल’ ही ग्रबमधली (कर्नल लोड करून मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममधली) सुरक्षेची त्रुटी बुजवायला आलेल्या अपडेटनंतर रेड हॅट आणि सेंटओएस या दुसऱ्या लिनक्सची कित्येक मशीन सुरूच होईनात. तुमचं कारण मात्र साधं असावं. कर्नलसोबत इनिट-रॅम-एफएस नावाची एक फाइल लोड होते. डिस्क ओळखायला लागणारे ड्रायव्हर तिच्यात असतात. कर्नल आणि ही फाइल जिथे राहते ते ‘बूट’चं पार्टिशन (डिस्कचा भाग) वेगळं आणि लहान असलं, की जुन्या कर्नलनी ते भरून जातं. मग नवा कर्नल बसतो, पण ही फाइल लिहितानाच जागा संपते. अपडेट चालू असताना वीज गेली तरी हेच होतं.

उबंटू जुना कर्नल ठेवून देतं, ही माझ्या मते त्याची सर्वांत मोलाची सोय. मशीन चालू होताना एस्केप दाबा (जुन्या, बायोसवर चालणाऱ्या मशीनवर शिफ्ट), पण एकदाच; सारखं दाबलंत तर मेनूऐवजी ग्रबच्या प्रॉम्प्टवर (कमांड टाइप करायच्या स्क्रीनवर) जाऊन पोचाल. मेनूतल्या ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीच्या आवृत्तीचा कर्नल निवडा. मशीन सुरू झालं, की ‘बूट’मध्ये किती जागा उरली आहे ते बघा आणि एपीटी या सॉफ्टवेअरची पॅकेजेस बसवणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रॅमच्या ऑटोरिमूव्ह कमांडने जुने कर्नल काढा. हाताने फाइल्स डिलीट करू नका, पॅकेजचा हिशेब बिघडतो. मग एपीटी ज्याच्याकडून काम करून घेतं त्या डीपीकेजीला अर्धवट राहिलेली पॅकेजेस कॉन्फिगर करायला सांगा. राहिलेली फाइल तेव्हा तयार होते आणि ग्रबचा मेनूही नव्याने लिहिला जातो.

या अनुभवाने अपडेट बंद करू नका, सुरक्षेच्या त्रुटी त्यातूनच बुजतात. मोठ्या अपडेटआधी टाइमशिफ्ट या प्रोग्रॅमने स्नॅपशॉट (सिस्टिमची त्या वेळची प्रत) घ्या, पण तो बॅकअप समजू नका; सेटिंग बदललं नसेल, तर तुमच्या फाइल्स असलेल्या ‘होम’ फोल्डरला ते हातच लावत नाही.

जुना कर्नलही चालला नाही, तर लाइव्ह यूएसबीवरून (ज्यावरून उबंटू थेट चालतं अशा पेनड्राइव्हवरून) मशीन सुरू करा आणि दुरुस्तीच्या आधी फोटो, कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या.