गांजा ओढल्याने बीपी वाढतो की कमी होतो? हार्मोन्सवर काय परिणाम होतो?

दोन्ही होऊ शकतं. ओढल्यावर काही मिनिटांतच टीएचसीमुळे (गांजातलं नशा आणणारं मुख्य रसायन) नाडी जलद होते आणि बसलेल्या माणसाचा बीपी थोडा वाढतो. पण तोच माणूस झटकन उभा राहिला तर बीपी एकदम खाली येऊन चक्कर येते, कधी शुद्धही हरपते. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर हा धोका जास्त. हृदयविकार असलेल्यांनी तर लांबच राहावं: २००१ च्या एका अमेरिकी अभ्यासात ओढल्यानंतरच्या पहिल्या तासात हार्ट अटॅकची शक्यता जवळपास पाचपट आढळली होती.

हार्मोन्सचं म्हणाल, तर मेंदूतला हायपोथॅलॅमस त्यांची सूत्रं हलवतो आणि टीएचसी तिथेच जाऊन चिकटतं. त्यामुळे एलएच (बीजांडं आणि वृषणांना काम करायला लावणारं हार्मोन) घटू शकतं, बायकांची पाळी अनियमित होऊ शकते. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे मुख्य पुरुषी हार्मोन, घटतंच असं मात्र नाही. २०१५ च्या डेन्मार्कमधल्या १,२१५ तरुणांच्या अभ्यासात आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा ओढणाऱ्यांत शुक्राणूंचं प्रमाण २८ टक्के कमी होतं, टेस्टोस्टेरॉन उलट थोडं जास्तच. म्हणून मूल हवं असेल तर फक्त हार्मोन्सच्या रिपोर्टवर विसंबू नका, वीर्यतपासणीही करा. आणि गांजा ओढत असल्याचं डॉक्टरांपासून कृपया लपवू नका, औषधं त्यावरही ठरतात.