चेंबर गळतंय, पण नेमकं कुठून?

खड्डे, गावोगावचे बिनरंगाचे गतिरोधक आणि जमिनीला टेकायला आलेल्या गाड्या यांचं जमत नाही, त्यामुळे ऑइल चेंबरचे, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या भांड्याचे, प्रश्न सतत येतात. त्यांतले सहा आज घेतले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे २०१० ची बीएमडब्ल्यू झेड-४ (२३आय) आहे. पार्किंगमध्ये रोज तळहाताएवढा तेलाचा डाग पडतो. गॅरेजवाले म्हणतात, चेंबरचं पॅकिंग गेलंय, पुढची सबफ्रेम उतरवावी लागेल. खरंच एवढं करावं लागतं का? (ताराबाई पार्क)

पॅकिंग बदलायचं तर सबफ्रेम (इंजिनाखालची आडवी चौकट) उतरवावीच लागते, त्यात गॅरेजवाल्यांचं काही चुकत नाही. पण पॅकिंगच गेलंय हे त्यांनी कशावरून ठरवलं, ते आधी विचारा. चेंबर सगळ्यात खाली असल्यामुळे वरून कुठूनही गळलेलं तेल त्याच्याच नावावर खपतं. शिवाय चालत्या गाडीत वाऱ्याने ते मागे पसरतं.

तुमच्या सहा सिलिंडरच्या एन-५२ इंजिनात दोन जुने संशयित आहेत : टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि ऑइल फिल्टर हाउसिंगचं पॅकिंग. दोन्ही रबरी, वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होणारी. हाउसिंगमधून पाझरलेलं तेल इंजिनच्या पुढच्या अंगाने उतरून चेंबरच्या कडेवर येऊन थांबतं आणि सगळे चेंबरला दोष देतात. हे पॅकिंग स्वस्त आहे, पण दुर्लक्ष करण्यासारखं नाही. तेल फॅनबेल्टवर पडत राहिलं तर पट्टा उसवतो आणि त्याचे दोरे क्रँकच्या पुढच्या ऑइल सीलमधून इंजिनात ओढले जाऊ शकतात. तिसरी जागा चेंबरच्या तळाशीच आहे : तेलाची पातळी मोजणारा सेन्सर. त्याला स्वतःचं वेगळं पॅकिंग असतं आणि ते बदलायला तेल काढण्यापलीकडे फारसं काही सोडावं लागत नाही.

तपास असा करा. खालचं कव्हर काढा, इंजिन गार असताना डिग्रीझर आणि ब्रशने सगळं धुऊन कोरडं करा. अल्टरनेटरवर पाण्याचा झोत मारू नका. मग तेलात यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) बाटलीवर लिहिलेल्या मापाने घाला आणि पन्हाळ्यापर्यंत एक फेरी मारून या. अंधारात यूव्ही टॉर्च लावून वरून खाली बघत चला. चमकणारी सगळ्यात उंच जागा हीच गळतीची जागा, तिच्याखालचं सगळं नुसतं ओघळलेलं.

आणखी एक गोष्ट बघा. इंजिन सुरू असताना तेल भरण्याचं झाकण उघडा. हलकी ओढ जाणवली तर ठीक. पण झाकण जोर लावून उपटावं लागत असेल किंवा आतून हवेचा झोत बाहेर येत असेल, तर क्रँककेसचा ब्रीदर व्हॉल्व्ह बिघडला आहे. आतला दाब बाहेर पडायला वाट नसेल तर नवं पॅकिंगही तेल बाहेर फेकतं.

एवढं करून पॅकिंगच निघालं, तर इंजिन वरून सपोर्ट बारला टांगून सबफ्रेम खाली घ्यावी लागेल. या इंजिनाच्या ब्लॉकचा बाहेरचा भाग मॅग्नेशियमचा आहे. लोखंडी बोल्टने तो गंजू नये म्हणून चेंबरचे बोल्ट अॅल्युमिनियमचे दिले आहेत. ते एकदाच वापरायचे. आधी ठरावीक टॉर्क (आवळण्याचा जोर), मग ठरावीक अंश फिरवून ते ताणले जातात, म्हणून जुने परत घातले की तुटतात. पॅकिंगबरोबर बोल्टचा नवा संच मागवा, आणि काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्या.

प्रश्न : ऑडी टीटीचं खालचं चेंबर पत्र्याचं आहे. गेल्या महिन्यात मेकॅनिकने भरपूर अॅनाबॉन्ड (सिलिकॉन सिलंट) लावून बसवलं, तरी पुन्हा गळतंय. अजून जाड थर द्यावा का? (राजारामपुरी)

नको. या चेंबरला वेगळं पॅकिंग नाही, सिलिकॉन सिलंट हेच पॅकिंग. जाड थर दिला की जादा सिलिकॉन आतल्या बाजूला पिळून निघतं, पुढे तुटून तेलात पडतं आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. गळतीने इंजिन हळूहळू मरतं, जाळी तुंबली की लगेच.

जोड पुन्हा गळण्याची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात : पृष्ठभागावर राहिलेलं तेल आणि वाकलेली कड. पत्र्याच्या चेंबरचे बोल्ट कचकून आवळले की प्रत्येक भोकाभोवती पत्रा वर दबतो आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट राहते. चेंबर काढल्यावर कड सपाट काचेवर ठेवून बघा. भोकांजवळ उंचवटा दिसला तर खाली लाकडी ठोकळा धरून हातोडीने हलके ठोकून सरळ करा.

जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने काढा. ब्लॉकच्या बाजूला अॅल्युमिनियम असतं, तिथे लोखंडी खरवडणी किंवा ग्राइंडरची चकती चालवली तर पडलेले ओरखडे हेच नवे पाट होतात. वरून तेलाचे थेंब येत असतील तर गाडी रात्रभर निथळू द्या. मग अॅसिटोनने दोन्ही कडा पुसा. फडक्यावर डाग येणं बंद होईपर्यंत पुसत राहा.

सिलंटची वळी २ ते ३ मिमी जाड, अखंड, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. वळी पडल्यापासून ५ मिनिटांत चेंबर बसलं पाहिजे. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, त्यामुळे जुलै-ऑगस्टच्या कोल्हापुरी हवेत त्यावर साय लवकर धरते. साय धरल्यावर दाबलेला जोड चिकटत नाही. म्हणून बोल्ट आधी मोजून, पुसून हाताशी ठेवा. मधून बाहेर, समोरासमोर, दोन फेऱ्यांत आवळा. एम-६ बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात आणि तेवढ्या कमी टॉर्कचा अंदाज हाताला येत नाही, टॉर्क पानाच हवा. तेल भरण्याची घाई नको. रात्रभर थांबलात तर उत्तम. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इंजिनाला वापरू नका, ते सेन्सर खराब करतं.

प्रश्न : गगनबावड्याच्या रस्त्यावर दगड लागून अॅल्युमिनियमच्या चेंबरला चार इंचांची चीर गेली. नवीन बाहेरून यायला दोन महिने लागतील. वेल्डिंग टिकेल का? (कळंबा)

नीट केलं तर टिकेल. चेंबरमध्ये पंपाचा दाब नसतो, तेल नुसतं साठलेलं असतं. आणि अॅल्युमिनियमचं कास्टिंग हाताळणारी माणसं शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही. शिवाजी उद्यमनगरात आर्गन वेल्डिंग आणि फेसिंग (कड मशीनवर सपाट करणं), दोन्ही जवळजवळ मिळतं.

खरी अडचण तेलाची असते. वर्षानुवर्षं तेलात भिजलेल्या कास्टिंगच्या छिद्रांत ते मुरलेलं असतं आणि आर्क लागला की उकळून वर येतं, वेल्डमध्ये बुडबुडे राहतात. म्हणून आधी डिग्रीझरने धुणं, मग १०० ते १५० अंशांपर्यंत तापवून निघालेलं तेल पुसणं, हे दोन-तीनदा करायला लावा. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर वेल्डिंगपूर्वी अजिबात वापरू नका. आर्कच्या उष्णतेत त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडलं की ती पुढे धावत नाही. मग चिरेवर व्ही आकाराची खाच पाडून ४०४३ या अॅल्युमिनियमच्या वेल्डिंग रॉडने भरायचं. वेल्डिंग करताना चेंबर जाड लोखंडी प्लेटला बोल्टने आवळलेलं असावं, नाहीतर कड वाकते. गार झाल्यावर सरफेस प्लेटवर (अचूक सपाट पाटावर) ठेवा. ०.१ मिमीचा फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) कुठे आत शिरला तर फेसिंग मारून घ्या.

परीक्षा फाउंड्रीतली जुनीच : बाहेरून खडूची भुकटी पाण्यात कालवून लावा, वाळू द्या, आत रॉकेल किंवा डिझेल भरून तासभर ठेवा. पांढऱ्यावर ओला डाग उमटला की पुन्हा वेल्डिंग.

एक गोष्ट मात्र बहुतेक जण बघत नाहीत. दगडाने तळ आत दबला असेल, तर पंपाची जाळी आणि तळ यांतलं अंतर कमी होतं. ते मुळात काही मिलिमीटरच असतं. सक्शन पाइप वाकलाय का, तेही तपासा आणि त्याची ओ-रिंग नवी घाला. पाइपमध्ये हवा शिरली तर गळती बंद होऊनही ऑइलचा दिवा लागेल.

एम-सील फक्त गाडी घरी आणण्यापुरतं, तेही तेल काढून, जागा घासून, अॅसिटोनने पुसून.

प्रश्न : ड्रेन बोल्टचे आटे गेलेत. टेफ्लॉन टेप गुंडाळून चालेल का? (कागल)

नाही. टेप आट्यांना बळ देत नाही आणि तिचे तुकडे तेलात जातात. त्याच मापाचा इन्सर्ट (नव्या आट्यांची नळी) बसवून घ्या. बरेचदा माप एम-१२ किंवा एम-१४, पिच १.५ असतं, पण मोजून खात्री करा. टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारायचं ते शक्यतो चेंबर उतरवून. गाडीवरच मारायचं असेल तर टॅपला भरपूर ग्रीस लावा, दर अर्ध्या फेऱ्याला मागे घ्या आणि शेवटी थोडं स्वस्त तेल ओतून कीस धुऊन काढा. पुढच्या वेळेपासून वॉशर दर सर्व्हिसला नवा.

प्रश्न : २००७ च्या पोर्श बॉक्सस्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून थेंब पडतात. २०डब्ल्यू-५० तेल आणि गळती थांबवणारं औषध घातलं तर? (नागाळा पार्क)

ही चेंबरची गळती नव्हे. त्या जागेवरचं तेल क्रँकच्या मागच्या सीलमधून किंवा इंटरमीडिएट शाफ्टच्या झाकणातून येतं, आणि दोन्हीसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. औषधं रबर फुगवतात, थोडे दिवस बरं वाटतं. जाड तेलाने गळती फार तर मंदावते, आणि गार इंजिनाला तेल वर पोचायला वेळ लागतो. जोड नुसता ओलसर असेल तर पातळी बघत राहा. जमिनीवर थेंब पडत असतील तर क्लच बदलण्याच्या वेळी दोन्ही सील एकदम बदला.

प्रश्न : चेंबर फुटल्यावर ऑइलचा दिवा लागला, तरी गाडी दहा किलोमीटर चालवत आणली. विमा मिळेल का? (उचगाव)

दगड लागून फुटलेल्या चेंबरचा खर्च सर्वंकष विम्यात बसतो. नंतर गाडी चालवल्याने जाम झालेल्या इंजिनाचा सहसा बसत नाही. ते परिणामी नुकसान धरलं जातं, इंजिन संरक्षणाचं जोड-कलम घेतलेलं असेल तर त्याच्या अटी वाचा. आता इंजिन सुरू करू नका. चेंबर उतरवून तळाच्या तेलात चमकता चुरा दिसतो का बघा. दिसला तर बेअरिंगचं एक कॅप उघडल्याशिवाय नवं चेंबर बसवू देऊ नका. आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत फुटलेलं चेंबर, बोल्टसकट, जपून ठेवा.