लग्नाच्या अल्बममध्ये फक्त नवरीचा शालू लाल ठेवून बाकी फोटो ब्लॅक अँड व्हाइट करावा का? लाइटरूममध्ये (फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये) झटपट कसा होईल?

करू नका. कारण जरा लांबलचक आहे.

२०१२ साली लातूरला माझं आणि मेहुण्याचं भागीदारीत दुकान होतं. तेव्हा १२ बाय ३६ इंचांच्या करिझ्मा अल्बमचं (फोटो थेट जाड पानांवर छापलेल्या अल्बमचं) वारं होतं आणि प्रत्येक अल्बममध्ये दोन पानं तरी 'एका रंगाची' हवीतच, हा त्याचा हट्ट. गिऱ्हाईक मागतं म्हणायचा. आपण दाखवतो म्हणून मागतं, असं मी म्हणायचो. पण ब्रश मीच फिरवायचो, हेही खरं.

औशाकडच्या एका गावातलं लग्न. आहेरानंतरचा फोटो, मध्ये नवरी, भोवती आई, मावश्या, मामा-मामी, अठरा-वीस माणसं. शालू तेवढा लाल ठेवला, बाकी सगळे राखाडी. पान बघून आम्ही दोघंही खूश. अल्बम नेल्यावर चौथ्या दिवशी नवरीचा मामा दुकानात हजर. टोपी काढून काउंटरवर ठेवली, ते पान उघडलं आणि बहिणीच्या अंगावर बोट ठेवलं.

"ह्याच्यात माझी पैठणी कुठाय?"

सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर हा माणूस खास पैठणला जाऊन मागावरची पैठणी घेऊन आला होता. जांभळी, पदरावर मोर. आणि आमच्या फोटोत ती आणि शेजारच्या बाईची बाजारातली सिंथेटिक साडी, दोन्ही एकाच राखेच्या रंगाच्या. "बहिणीला काय नेसवलं ते लोकांला आता कसं दाखवू?" आपल्याकडं अल्बम नवरा-नवरीसाठी कमी आणि कुणी कुणाला काय नेसवलं, फेटा कुणाकुणाला बांधला हे बघायला जास्त उघडतात. हे मला ठाऊक असायला हवं होतं, मी काही मुंबईहून आलो नव्हतो.

मामा गेल्यावर मेहुणा म्हणाला, "त्यांला कलेतलं काय कळतंय!" तिथं माझं डोकं फिरलं. पान रंगीत करून पुन्हा छापलं, माझ्या पैशानं. त्यानं त्याचा वाटा आजवर दिलेला नाही. पुढच्या वर्षी दुकान वेगळं झालं. (कारणं आणखीही होती.)

आता लाइटरूमचं. एचएसएलमध्ये (तिथं एकेक रंग वेगळा बदलता येतो) लाल सोडून सगळ्या रंगांचं सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा, उणे १०० करा, असं व्हिडिओत सांगतात. करून बघा. कुंकू, ओठ, कार्यालयातल्या लाल खुर्च्या, सगळं लाल राहतं. कातडीत लाल आणि नारंगी दोन्ही असतात, त्यामुळं चेहऱ्यावर गोवर उठल्यासारखे डाग दिसतात. वर शालूची सोनेरी जर पिवळ्यात मोडते, तीही जाते. नीट करायचंच तर फोटोशॉपमध्ये ब्लॅक अँड व्हाइटचा ॲडजस्टमेंट लेयर (फोटोवरचा वेगळा थर) टाकून त्याच्या मास्कवर (तो थर कुठं दिसावा हे ठरवणाऱ्या पडद्यावर) काळ्या ब्रशनं शालू हातानं उघडा केलेला बरा. शालूचा लाल रंग हनुवटीवर आणि नवरदेवाच्या पांढऱ्या कपड्यांवर पडलेला असतो, तो कुठं तोडायचा हे तुम्हीच ठरवा. झटपट काही होत नाही. आणि मूळ रंगीत फाइल पुसू नका, ती होती म्हणून आमची अब्रू वाचली.

स्टेजवरच्या निळ्या-जांभळ्या एलईडीनं चेहरे नासले असतील तर अख्खा फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा, मस्त दिसतो. हां, नवरी एकटी असेल, मागं साधी भिंत असेल, तर एका रंगाचा एखादा फोटो चालेल. एखादाच.

मेहुणा म्हणतो, तुझ्या आजोबांच्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोत पागोट्यालाच तेवढा रंग दिलाय, तो कसा चालतो? अरे, तिथं मुळात रंग नव्हता, स्टुडिओवाल्यानं हातानं भरला. आपण होता तो पुसला.

त्याला अजून पटलेलं नाही. परवा त्याच्या पोरीच्या साखरपुड्याचे फोटो आले. तिचा घागरा हिरवागार, आणि शेजारी मी, राखाडी.