मागीलदारी बसून ऐक

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

कोकणातल्या गावांच्या अभ्यासासाठी तू केलेली प्रश्नावली वाचली. त्यातला 'तुमच्या गावात भेदभाव होतो का?' हा प्रश्न आधी खोडून टाक. रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुठल्याही पडवीत बसून हे विचारलंस तर पुढ्यात कोकम सरबत येईल आणि ठरलेलं उत्तर येईल, 'छे, आमच्याकडे तसलं काही नाही हो.' सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याची वाट कधी कुणी अडवलेली नसते, म्हणून त्याला ते दिसत नाही.

मत विचारू नकोस, काल काय झालं ते विचार. पाणी कुणी भरलं, कुठल्या विहिरीवरून, ती आटली की कुठे जाता. शिमग्यात पालखी कुठल्या वाडीत जाते, कुणाच्या अंगणात बसते, खांदा कोण देतं. कोकणातलं गाव एकगठ्ठा नसतं. कुणबीवाडी, भंडारवाडी, बौद्धवाडी, मोहल्ला असं उतारावर विखुरलेलं असतं. त्याचा नकाशा स्वतःच्या हाताने काढ आणि डांबर कुठे संपतं, नळाची लाईन कुठे संपते ते त्यावर दाखव. मला तुझ्या चाळीस प्रश्नांपेक्षा तो एक कागद आधी बघायचा आहे.

ग्रामपंचायतीचे ठराव वाचशील तेव्हा महाड आठव. चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांबरोबर तिथलं पाणी प्यालेल्या लोकांना मार खावा लागला आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. ठराव झाला म्हणजे घागर भरली, असं कधी धरू नकोस.

आता बायकांचं. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत. हा आकडा तू टिपणात कौतुकाने दिला आहेस. अगं, तो मुंबईला गेलेल्या पुरुषांचा आकडा आहे! सहा वर्षांखालची मुलं मोजलीस तर तिथेही मुली मुलग्यांपेक्षा कमीच आहेत. गिरण्यांच्या काळापासून घरचा माणूस मुंबईत आणि लावणी, कापणी, गुरं, म्हातारी माणसं बाईच्या गळ्यात, असं हे चाललं आहे. आणि सातबारा उघडलास तर नाव बहुतेक ठिकाणी चाकरमान्याचं. खोती, म्हणजे खोतांची जमीनदारी, १९४९ च्या कायद्याने गेली, कूळकायद्याच्या १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कुळं मालक झाली. तेव्हाही चिखलात उभी होती ती एक आणि फेरफारात नाव चढलं दुसऱ्याचं. या गोष्टीची मला आजही चीड येते, ती तुझ्यापासून कशाला लपवू?

हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा मिळाला. मग हक्कसोड पत्रावर बहिणी सही का करतात, ते शोध. 'भावाला कशाला दुखवा, माहेरचं दार उघडं राहायला हवं,' असं त्या सांगतील. ते नीट ऐकून घे, भोळेपणा समजू नकोस. नवरा परगावी आणि सासर कडक असेल तर माहेरचं दार हा तिचा एकुलता एक विमा असतो, आणि त्याचा हप्ता ती जमिनीने भरते.

इथे माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या काळात एका खाडीकाठच्या गावात मी एका बाईला तिच्या भावासमोरच विचारलं, 'तुम्ही सही मनापासून केलीत का?' ती गप्प बसली. पुढच्या खेपेला तिच्या घरचे मला उंबऱ्यात घेईनात, आणि त्या गणपतीत तिला माहेरचं बोलावणं आलं नाही. मी एसटी पकडून परत आले होते, तिला तिथेच राहायचं होतं. म्हणून असली बोलणी मागीलदारी, भांडी घासताना, मासळी निवडताना व्हायची. तुझा रेकॉर्डर तेव्हा पिशवीतच राहू दे.

'वंशभेदाचा प्रश्न कोकणात लागू नाही' हे वाक्यही काढ. आंब्याच्या बागांत राखणीला आणि मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून नेपाळी माणसं वर्षानुवर्षं येतात. त्यांच्यातल्या किती जणांना गाव नावाने ओळखतं आणि किती जणांना नुसतं 'गुरखा' म्हणतं? चेहऱ्यावरून नाव पुसलं जातं, त्याला तू दुसरं काय म्हणशील? बागेतल्या खोपटात त्यांच्या बायका-पोरंही असतात. त्या पोरांची शाळा विचार. अमेरिकेतले कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ ड्यू बॉइस १८९६ मध्ये फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात राहायला गेले आणि कृष्णवर्णीयांच्या घरोघरी स्वतः फिरले. याच ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या आणि इथल्या अस्पृश्यांच्या स्थितीतलं साम्य दाखवलं होतं. त्या दोघांना जे एकमेकांशेजारी ठेवावंसं वाटलं, ते तू वेगळं काढू नकोस.

सुरुवात हर्णै बंदरातल्या मासळीच्या लिलावापासून कर. संध्याकाळी होड्या लागल्या की बोली कोण लावतं, टोपली कोण उचलतं, पैसे कुणाच्या हातात जातात ते नुसतं बघ. आणि दिवसभर बंदरावर बसणाऱ्या बायका लघवीला कुठे जातात, हे एखादीला हळूच विचार. पहिल्या आठवड्याच्या टिपा मला पाठव. विश्लेषण नको, पाहिलंस तेवढंच.

तुझी,
बाई