फाइलीवर लिहिलेलं ‘सुधारणा आहे’

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. मामांनी डॉक्टर ठरवलाय, तो बारा बैठकांत ‘नॉर्मल’ करून देतो म्हणतो, आणि जाण्याआधी तुला एवढंच हवंय: काका, समलैंगिक असणं हे जन्मतः असतं की बदलता येतं?

उत्तर आधीच देतो, तू ताटकळत असशील. उपचारांनी हे बदलत नाही. जाऊ नकोस.

मी बावीस वर्षांचा होतो तेव्हा मलाही असंच नेलं होतं. वडील बाहेर बाकावर बसत, मी आत. डॉक्टरांनी मनगटात रबरबँड घालायला सांगितला होता. मुलाचा विचार मनात आला की ताणून सोडायचा. मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी पातळ असते तिथे, लाल वळ उठायचे. भर उन्हाळ्यात मी लांब बाह्यांचे शर्ट घालायचो. सहा महिन्यांत विचार गेले नाहीत. एवढंच झालं की ओळखीचा मुलगा नुसता हसला तरी मनगट आपसूक आखडायचं. वडिलांच्या पगारातून जाणारी फी मला बघवेना, म्हणून एके दिवशी मी सांगून टाकलं, ‘आता बरं वाटतंय.’ डॉक्टरांनी माझ्यादेखत फाइलीवर लिहिलं: सुधारणा आहे. वडिलांनी वाटेत पेढे घेतले. घरी आल्यावर मी पुडा आईच्या हातात दिला आणि मोरीत जाऊन रबरबँड कात्रीने कापला.

तुझा डॉक्टर ‘माझे पेशंट बरे झालेत’ म्हणेल, तेव्हा त्या पेढ्यांची आठवण ठेव. त्याच्या यादीत माझ्यासारखे किती असतील? रॉबर्ट स्पिट्झर नावाचे मोठे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ होते. 1973 साली समलैंगिकता तिथल्या मानसिक आजारांच्या यादीतून निघाली, त्यात त्यांचा पुढाकार होता. पण 2003 साली त्यांनीच ‘आम्ही बदललो’ म्हणणाऱ्या दोनशे जणांच्या फोनवर मुलाखती घेऊन काहींना बदल शक्य असतो असा निष्कर्ष छापला. बदल घडवू म्हणणाऱ्यांनी तो वर्षानुवर्षं मिरवला. 2012 साली स्पिट्झरांनी जाहीर माफी मागितली. ती माणसं सांगत होती ते खरं की खोटं, हे तपासायची सोयच त्या अभ्यासात नव्हती. माझ्या डॉक्टरांकडे तरी कुठे होती?

आता ‘जन्मतः’चं. इथे मी तुला सोपं करून खोटं सांगणार नाही. 2019 साली पावणेपाच लाखांहून अधिक लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. समलैंगिकतेचं असं एकच जनुक सापडलं नाही. पुष्कळ जनुकांचा थोडा थोडा वाटा दिसला, आणि त्यावरून कुणा एकाचा कल सांगता येत नाही. एकसारख्या जुळ्यांतला एक समलैंगिक असला तरी दुसरा असतोच असं नाही. मोठ्या भावांची संख्या वाढते तशी धाकटा मुलगा समलैंगिक असण्याची शक्यता थोडी वाढते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. त्याचं मूळ आईच्या गर्भात असावं असा अंदाज आहे. थोडक्यात, बीज आहे, गर्भातलं काही आहे, आणि बरंच अजून उलगडायचंय. संस्कारांनी किंवा संगतीने हे होतं याला मात्र आधार नाही. काहींचा कल आयुष्यात आपोआप थोडाफार सरकतोही. पण आपोआप सरकणं वेगळं आणि कुणी धरून सरकवणं वेगळं.

म्हणूनच माझं कळकळीचं म्हणणं आहे की तुझी मान ताठ ठेवायला जनुकाची साक्ष मागू नकोस. उद्या एखादा नवा अभ्यास आला तर काय, मान खाली घालशील? तू कुणाचं वाईट केलेलं नाहीस, एवढं पुरे.

मामा ‘परदेशी खूळ’ म्हणतात ना? लैंगिक शिक्षणाचे प्रचारक र. धों. कर्व्यांनी आपल्या मासिकात वाचकांच्या हस्तमैथुन, समलिंगी संबंध अशा प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून 1934 साली त्यांच्यावर खटला चालला. त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, पण प्रश्न विचारणारी माणसं तेव्हाही इथेच होती.

आणि मामांना हेही ऐकव: 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून वगळलं. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 साली असे ‘बदलाचे’ उपचार म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. म्हणजे त्या बारा बैठकांची तक्रार वैद्यकीय परिषदेकडे करता येते. झोप उडाली असेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जरूर जा, आणि तसं वाटलं तर त्याच रात्री मला फोन कर. तो उपचार तुझ्या दुःखावर असेल, तुझ्यावर नाही.

लग्नाचं लिहिलं आहेस. ‘एकदा लग्न झालं की सगळं जागेवर येतं’ हे मलाही ऐकवलं होतं, आणि मी थोडक्यात वाचलो. कुणाच्या लेकीला औषधाची गोळी समजून घरात आणू नकोस. या एका बाबतीत मी तुझ्यावर रागावेन.

आईला इतक्यात सगळं सांगायची घाई नको. नोकरी कायम होऊ दे, खोली स्वतःच्या नावावर घे, एखादा भरवशाचा मित्र जवळ असू दे. पण त्या स्वतःहून ‘माझं काय चुकलं’ म्हणाल्या तर तिथल्या तिथे सांग, की काही चुकलं नाही. माझ्या आईला हे सांगायला मला एकोणीस वर्षं लागली.

मामांनी कोणती तारीख घेतलीय ते कळव. त्या दिवशी सकाळीच माझ्याकडे निघून ये, मामांशी मी बोलतो.

तुझा,
काका